नवी इमारत आपली केव्हा होते?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामात एक लहानसे कार्य सिद्धीस गेले. येथील भगिनींचे शिवणकेंद्र एकोणीस वर्षे चर्चच्या मागील कौलारू ओसरीत भरत असे. पावसाळ्यात कौलांतून पाणी ठिबके, भिंतीला ओल येई व शिवलेले कपडे झाकून ठेवण्यातच निम्मा दिवस जाई. तेव्हा सर्वांनी मिळून देणग्या जमविल्या, बाहेरगावी नोकरीस गेलेल्या मुलांनी हातभार लावला आणि १४ लाख रुपये खर्चून स्लॅबची, मोठ्या खिडक्यांची, गुळगुळीत फरशीची नवी इमारत उभी राहिली. आशीर्वादाचा विधी झाला, पेढे वाटले गेले, सर्वांचे एकत्र छायाचित्र निघाले. एक मोठी जबाबदारी पार पडली अशा समाधानात आम्ही होतो.

पंधरा दिवसांनी भर दुपारी आम्ही सहज तिकडे गेलो. पाहतो तो, आत पंखे फिरत आहेत, जेवणासाठी मुद्दाम करवून घेतलेली लांब मेजे रिकामी आहेत आणि भगिनी मात्र बाहेर पायऱ्यांवर डबे उघडून बसल्या आहेत. त्यांतील एका वडीलधाऱ्या बाईंना आम्ही विचारले, "मावशी, एवढी चांगली जागा असताना बाहेर का?" त्या जरा संकोचल्या. मग म्हणाल्या, "काय सांगू फादर, आत पाव्हणं आल्यागत वाटतंय. कुठं हात लावावा, कुठं नको, कायच कळंना झालंय."

खरे सांगावयाचे तर आम्हांस प्रथम थोडा रागच आला. एवढ्या खटपटीने उभे केलेले कार्य, आणि त्याचे हे कौतुक! परंतु हजेरीपुस्तक चाळले तेव्हा रागाची जागा काळजीने घेतली. बावीस भगिनींपैकी सहा जणींनी पहिल्याच महिन्यात येणे सोडले होते. कोणी घरीच मशीन मांडून बसल्या होत्या, तर दोघी कमी मजुरीवर परस्पर बाहेरचे काम घेऊ लागल्या होत्या. ज्यांच्यासाठी इमारत बांधली, त्याच तिच्यापासून दूर जाऊ लागल्या, तर ती इमारत कोणासाठी?

त्या संध्याकाळी आम्ही जुन्या ओसरीत जाऊन उभे राहिलो. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली मापे होती. छाती, कंबर, उंची, आणि त्यांपुढे गिऱ्हाइकांची नावे. दाराच्या चौकटीवर आडव्या रेघा होत्या. आयांबरोबर येणारी मुले दर नाताळात किती वाढली त्याच्या त्या खुणा. खिळ्यांवर कात्र्या टांगून टांगून भिंतीत गोल खळगे पडले होते. कोपऱ्यात पवित्र हृदयाची धुराने काळवंडलेली तसबीर होती, तिच्याभोवती कोणीतरी उरलेल्या जरीची किनार शिवून लावली होती. यांतील एकही वस्तू मौल्यवान नव्हती. परंतु प्रत्येकीवर कोणाचा ना कोणाचा हात फिरलेला होता.

आणि नव्या इमारतीत? तेथे आम्हीच ठेकेदाराकडून फळा रंगवून घेतला होता, "भिंतींस हात लावू नये." रंग आम्ही निवडला, मेजे आम्ही निवडली, मशिनी कोठे मांडावयाच्या तेही आम्हीच ठरविले. एकाही भगिनीस आम्ही काही विचारले नव्हते. दोष कोणाचा, हे निराळे सांगावयास नको.

चूक उमगली, तरी ती सुधारण्याची आमची पहिली रीतही चुकलीच. आम्ही बेळगावच्या बाजारातून चौकटीसह एक मोठे छापील चित्र आणले व समोरच्या भिंतीवर लावले. बर्फाचे डोंगर, निळे सरोवर, काठी लाकडी घर. दुसऱ्या दिवशी एका भगिनीने ते नीट न्याहाळले आणि विचारले, "फादर, हे कुणाचं गाव?" सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. पण त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

चित्र लावल्याने परकी जागा आपली होते काय? होत असेल तर कोणत्या चित्राने, आणि कशा रीतीने? हा विचार करीत असता आम्हांस एका फार मोठ्या इमारतीची आठवण झाली. ती आहे मुंबईत, कुलाब्याच्या टोकास, समुद्राच्या काठी. टाटा मूलभूत संशोधन संस्था हे तिचे नाव. गणित आणि पदार्थविज्ञान यांचे गहन संशोधन तेथे चालते. अशा ठिकाणी चित्रांचे काय काम, असे कोणासही वाटेल. परंतु तिची कथा ऐकण्याजोगी आहे.

या संस्थेचा आरंभ १९४५ साली झाला आणि तिचे जनक डॉ. होमी भाभा. प्रारंभी मुंबईत तिला स्वतःचे छप्पर नव्हते. पेडर रोडवरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्याच्या अर्ध्या भागात तिचे काम चाले. १९४९ साली ती गेट वे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. पुढे कुलाब्यास जागा मिळाली. १ जानेवारी १९५४ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली आणि १५ जानेवारी १९६२ रोजी त्यांच्याच हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले. आराखडा अमेरिकेतील शिकागो येथील वास्तुशिल्पी हेल्मुट बार्च यांचा. काच, काँक्रीट आणि लांबच लांब मार्गिका यांची ती अगदी नव्या पद्धतीची इमारत. अर्ध्या बंगल्यात दाटीवाटीने काम केलेल्या मंडळींस ती किती अफाट वाटली असेल, याची कल्पना आमच्या शिवणकेंद्राच्या अनुभवावरून आम्ही आता करू शकतो.

डॉ. भाभा स्वतः चित्रे काढीत. संगीताचे त्यांना वेड होते, झाडांवरही त्यांचा फार जीव होता. चित्रे ही इमारत पूर्ण झाल्यावर, पैसे उरले तर, आणावयाची वस्तू आहे असे त्यांनी मानले नाही. संस्थेच्या खर्चातील शंभरावा हिस्सा कलाकृतींसाठी वेगळा काढण्यास त्यांनी नेहरूंची संमती मिळविली. शंभर रुपयांत एक रुपया. नव्व्याण्णव रुपये भिंती, यंत्रे, पुस्तके यांसाठी आणि एक रुपया त्या भिंतींकडे पाहणाऱ्या डोळ्यांसाठी. त्या एका रुपयातून पन्नासच्या व साठच्या दशकांत चित्रे विकत घेतली गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील विमान अपघातात भाभांचा अंत झाला, तरी त्यांच्या मागून आलेल्या डॉ. मेनन यांनी ती प्रथा काही वर्षे चालू ठेवली.

ही चित्रे कोणाची होती? आज त्यांतील अनेक नावे जगभर घेतली जातात, परंतु त्या काळी ते बहुतेक धडपडणारे तरुण होते. हैदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणीच घर सोडून मुंबईस आलेले, मोटारी पुसून व लोकांच्या घरी काम करून पोट भरलेले आरा त्यांत होते. मूळ गोमंतकीय घराण्यातील, नागपुरात जन्मलेले गायतोंडे होते. आणि पंढरपुरात जन्मलेले, इंदुरात वाढलेले, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून दिवस काढलेले हुसेन होते. प्रवेशदालनातील मोठ्या भिंतीसाठी निवडक चित्रकारांकडून आराखडे मागविण्यात आले आणि त्यांतून हुसेन यांचा निवडला गेला. सुमारे ४५ फूट लांब व ९ फूट उंच असे ते भित्तिचित्र आजही तेथे आहे. "भारत भाग्यविधाता" हे त्याचे नाव.

सेमिनरीत असताना एका परिचितांच्या कृपेने ती इमारत आतून पाहण्याचा योग आम्हांस आला होता. तेव्हा ध्यानात राहिलेली गोष्ट एवढीच की, ती चित्रे कोण्या बंद दालनात कुलपात नव्हती. लोक ये-जा करीत तेथेच ती टांगलेली होती. गायतोंडे यांच्या चित्रांत घर नाही, माणूस नाही, झाड नाही, केवळ रंगांवर रंग. आमच्या गावातील कोणी ते पाहिले तर "हे कुणाचं गाव?" असेच विचारील. परंतु रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्यास तो प्रश्न फार दिवस पडत नसावा. शेजारच्या घराचे अंगण जसे दहा वर्षांनी आपल्या ओळखीचे होते, तसेच ते. तेव्हा सरोवर आणि बर्फ ओळखीचे नाहीत, एवढाच आमच्या छापील चित्राचा दोष नव्हता. ते कोणी जाणून निवडले नव्हते, कोणाच्या हातचे नव्हते, आणि इमारत उरकल्यावर चिकटविलेले होते, हा त्याचा मोठा दोष होता.

धर्मग्रामाच्या समितीपुढे आम्ही ही कथा सांगितली व शंभराव्या हिश्शाची मागणी केली. १४ लाखांचा शंभरावा हिस्सा म्हणजे १४ हजार रुपये. आमचे खजिनदार काटकसरी आणि सरळ मनाचे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "फादर, माफ करा, पण भाभांच्या मागे सरकारचा खजिना होता. आपल्यामागे रविवारची थैली आहे. शाळेच्या दोन वर्गांत अजून पंखे नाहीत. चित्राने कोणाचे पोट भरते?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळेतील मुलांना उकडते हे खरे, आणि थैलीत पडणारा पैसा कोणाच्या तरी घामाचा असतो हेही खरे. आम्ही त्यांस एवढेच म्हणालो, "पंखे आधी घेऊ. त्यात वाद नाही. पण १४ लाख घातलेल्या इमारतीत सहा बाया यावयाच्या थांबल्या आहेत. अशीच गळती राहिली, तर ते १४ लाख कोणत्या खात्यात मांडावयाचे?" समितीत बराच वेळ शांतता होती. शेवटी ठरले ते असे: आधी शाळेचे पंखे, मग हे १४ हजार, आणि ते कसे खर्च करावयाचे हे फादरांनी नव्हे, तर केंद्रातील भगिनींनी ठरवावयाचे. ही शेवटची अट खजिनदारांचीच होती. आमच्या ती सुचली नव्हती, हे येथे नमूद करणे न्याय्य आहे.

भगिनींच्या बैठकीत प्रथम सर्वांचे मत पडले, "आम्हांला चित्र कुठं काढता येतंय?" तेव्हा आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली गोष्ट अशी. वडोदऱ्याच्या कलाविद्यालयातील विख्यात कलावंत के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ साली लखनौच्या रवींद्रालय या नाट्यगृहाच्या भिंतीवर रवींद्रनाथांच्या एका नाटकाचे विस्तीर्ण चित्र केले, ते तैलरंगांत नव्हे, तर भाजलेल्या मातीच्या तुकड्यांत. जी माती कुंभार मडक्यास वापरतो, तीच ही. तेव्हा जे साधन हातात आहे त्यातूनही चित्र होते.

दुसरी गोष्ट आपल्या गोव्याची. पणजीची कला अकादमी वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी बांधली. ती १९८३ साली पूर्ण झाली. तेथील मोठ्या सभागृहाच्या बाजूच्या भिंतींवर लोटलीच्या मारियो मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहातील सज्जे रंगविले आणि त्यांत प्रेक्षक बसविले. ते प्रेक्षक म्हणजे गोव्यातील गावोगावची माणसे. तियात्र असो की मराठी संगीत नाटक असो, तालमीस आलेला नट रिकाम्या सभागृहापुढे उभा राहिला, तरी त्याच्याकडे त्याच्याच गावची तोंडे पाहत असतात. नव्या इमारतीस ओळखीची करण्याचा याहून गोड उपाय आम्हांस ठाऊक नाही.

ही दुसरी गोष्ट ऐकून मघाच्याच मावशी म्हणाल्या, "मग आमच्या हातात काय हाय? चिंध्या!" त्या विनोदाने बोलल्या, पण काम तेथूनच सुरू झाले. आमच्या खानापूर भागास लागूनच हल्याळ व यल्लापूरकडे सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणले गेले. त्यांत कॅथलिक आहेत, हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कापडांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. आपण बहुधा कापडाचे थर मांडून दोरा घालतो. त्या कडेपासून आरंभ करतात आणि तुकडा जोडीत, धावदोरा घालीत आत आत मध्याकडे येतात. चारी कोपऱ्यांस दुमडलेल्या कापडाची लहान फुले लावल्यावाचून ती गोधडी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

हल्याळकडील अशा एका जाणत्या बाईंस आम्ही चार दिवस बोलावून घेतले. त्यांनी शिकविले आणि भगिनींनी भिंतीएवढी एक मोठी कवंदी करावयास घेतली. कडेपासून आत येण्याच्या रीतीचा एक लाभ असा की, चहूबाजूंनी आठ-दहा जणी एकाच वेळी बसू शकतात. ज्यांनी येणे सोडले होते, त्यांनाही निरोप गेला. शिवावयास नाही आलात तरी चालेल, पण घरचा एक तुकडा पाठवा. कोणाच्या सासूच्या नऊवारीचा पदर आला, कोणाच्या मुलाच्या पहिल्या पवित्र भाकरग्रहणाच्या सदऱ्याची बाही आली, गिरणीत काम केलेल्या एका मृत पतीच्या निळ्या डगल्याचा खिसा आला. तो खिसा कापून सपाट करू नये, खिसाच ठेवावा, असे त्या बाईंनी बजावले. तो तसाच शिवला आहे.

१४ हजारांचा हिशेब येथे देतो, कारण खजिनदार हे साप्ताहिक वाचतात. शिकविणाऱ्या बाईंचे मानधन व प्रवास ४,००० रुपये. अस्तर, दोरा व टांगण्याचा दांडा २,७०० रुपये. समोरच्या भिंतीस भगिनींनी निवडलेला गेरूचा रंग २,३०० रुपये. जुन्या ओसरीच्या दाराची चौकट उखडून नव्या इमारतीच्या आतील दारास बसविण्याची सुतारमजुरी ३,२०० रुपये. शिल्लक १,८०० रुपये. चौकट हलविण्याची सूचना एका धाकट्या भगिनीची. तिच्या स्वतःच्या लहानपणीच्या उंचीच्या रेघा त्या चौकटीवर आहेत, आणि आता तिच्या मुलीच्या रेघा तिच्या शेजारी पडू लागल्या आहेत. "भिंतींस हात लावू नये" हा फळा आम्ही स्वतःच्या हाताने काढला. बर्फाच्या डोंगरांचे चित्र आमच्या कचेरीत आहे. तेथे ते कोणास त्रास देत नाही.

आता परिणाम. गेलेल्या सहा जणींपैकी चौघी परत आल्या आहेत, दोघी आल्या नाहीत. चौघी केवळ गोधडीमुळे आल्या असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना कोणीतरी निरोप धाडला, त्यांच्या घरचे काही मागितले, हेही त्याचे कारण असावे. कवंदीचा मधला भाग अजून मोकळा आहे, शिवण चालू आहे. दुपारचे डबे आता बहुतेक आत उघडतात. मावशी मात्र अद्याप पायरीवरच बसतात. आम्ही कारण विचारले, तर म्हणाल्या, "आत चांगलंच हाय की फादर. पण हितं वारं लागतंय!" यावर आमचा काही इलाज नाही, आणि तो असण्याची गरजही नाही.

वाचकहो, आज आपल्या गावोगावी नव्या इमारती उठत आहेत. दूधसंस्था, पतपेढ्या, शाळा, दवाखाने. ज्यांच्याकडे असे काम असेल त्यांस आमची एवढीच विनंती की, शंभरातला एक रुपया पहिल्याच दिवशी बाजूस काढावा, आणि तो कसा खर्च करावयाचा हे तेथे काम करणाऱ्या हातांस विचारावे. नव्या घरास आशीर्वाद देण्यास आम्ही जातो तेव्हा घरची गृहिणी सामान लावण्याआधी तसबीर कोठे टांगावयाची हे ठरवून मोकळी झालेली असते. तिला ते कोणी शिकविलेले नसते. आम्ही मात्र सेमिनरीत बरीच वर्षे घालवूनही ते विसरलो होतो.

नाताळापूर्वी कवंदीच्या चारी कोपऱ्यांस फुले लागतील अशी आशा आहे. त्या दिवशी जवळपासच्या धर्मग्रामांतील वाचकांनी अवश्य यावे. येताना जमल्यास घरचा एक तुकडा आणावा. मध्यभागी अजून जागा आहे.